एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत

अब्बा कुवेतला नोकरीला होते, तेव्हा आमच्या चिपळूणच्या घरी फोन नव्हता. पंधरा दिवसांनी एक पत्र यायचं. गावचं कुणी सुटीवर आलं की त्याच्या हातून साबण, अत्तराची बाटली, दूध पावडरचा डबा असं काहीबाही यायचं. 1988 मध्ये अशाच एका येणाऱ्याबरोबर अब्बांनी यशिका कॅमेरा आणि दोन रोल पाठवले. सोबत अम्मीच्या नावे पत्र होतं आणि पत्राच्या शेवटी माझ्यासाठी चार ओळी होत्या. "मुलांचे फोटो अम्मी पाठवेलच. तू एक काम कर. एस.टी. स्टँडवर उतरल्यापासून आपल्या दारापर्यंत वाटेत जे जे दिसतं, ते ओळीनं काढून पाठव."

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. धाकट्या भावाला बरोबर घेतलं आणि जुम्याच्या सुटीत सकाळी निघाले. छत्तीस फोटोंचा रोल होता, त्यातले एकवीस मी रस्त्यावर खर्च केले. स्टँडची पाटी, रिक्षांची रांग, कापडाचं दुकान, बेकरी, हापशी, वळणावरचा पिंपळ, मशिदीचं फाटक, मग आमची गल्ली, गल्लीतलं गटार, गटारावरची फरशी. बेकरीवाले काका ओरडले, "अगं, माझा काढ की, त्या पावांचा काय काढतेस?" मला सांगता येईना की अब्बांनी वाट मागितली आहे, माणसं नाही.

शेवटचा फोटो आमच्या दाराचा. दारात दादी उभी होती. कॅमेरा बघितल्याबरोबर तिनं अर्धं दार ओढून घेतलं. "माझा नको गो," ती आतून म्हणाली. मी तसाच खटका दाबला.

आमच्या घरात फोटोबद्दल दोन मतं होती. दादीला तसवीर मुळीच पसंत नव्हती. अम्मीचं म्हणणं, मुलं वाढताना त्यांच्या बापाला दिसायला हवीत. त्यावर मधला मार्ग निघाला होता. फोटो काढायचे, पाकिटातून पाठवायचे, पेटीत ठेवायचे, पण भिंतीवर एकही लावायचा नाही. अशी तडजोड वाचकांपैकी अनेकांच्या घरी झालेली असेल. या मसल्यात उलमांची मतं वेगवेगळी आहेत आणि त्यावर बोलण्याइतकं माझं इल्म नाही. मी फक्त आमच्या घरची गोष्ट सांगते आहे. दादीनं आयुष्यात एकच फोटो काढून घेतला, तोही हजच्या कागदपत्रांसाठी. स्टुडिओतून परत आल्यावर तिनं अम्मीला बजावून सांगितलं होतं, "माझ्यामागे हा मोठा करून ठेवू नका."

रोल धुऊन यायला दहा-बारा दिवस लागायचे. एकवीस फोटोंच्या दोन-दोन प्रती काढल्या. एक संच पेटीत राहिला, दुसरा कुवेतला गेला. महिन्याभरानं अब्बांचं पत्र आलं. त्यांनी सगळे फोटो खोलीच्या भिंतीवर ओळीनं चिकटवले होते. खोलीत सहा जण राहत, सगळे कोकणातले. फोटोंत कुणाचा चेहरा ठळक नव्हता, म्हणून नमाज पढणाऱ्यांचीही हरकत नव्हती. पत्रात लिहिलं होतं, "रात्री झोपण्याआधी मी एकदा स्टँडपासून घरापर्यंत चालत येतो. खेडचा एक आणि दापोलीकडचा एक, असे दोघेही माझ्याबरोबर येतात. त्यांना आता आपल्या बेकरीचीही ओळख झाली आहे."

तेव्हापासून मला चालताना फोटो काढायची सवय लागली, ती आजतागायत आहे.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कोकणातल्या शेकडो घरांनी ते दिवस कसे काढले, हे त्या घरांनाच माहीत. अब्बा जॉर्डनमार्गे परतले. अम्मानहून विमानानं मुंबईला उतरले, तेव्हा हातात एक बॅग होती आणि अंगावरचे कपडे. पगार, सामान, सगळं तिकडेच राहिलं. फोटोंचं नाव कुणी काढलंच नाही. माणूस सुखरूप आला, अल्हम्दुलिल्लाह, त्यापुढे फोटो कोण विचारतो? शिवाय दुसरा संच पेटीत होता.

ती पेटी 22 जुलै 2021 च्या पुरात गेली.

आदल्या दिवशी बकरी ईद होती. पाऊस सारखा कोसळत होता, तरी सगळं नीट पार पडलं होतं. वाटे करून झाले, घरोघरी पोचवून झाले, दमून झोपलो. पहाटे वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलं आणि बघता बघता जिन्याच्या पायऱ्या चढू लागलं. अब्बा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांना आणि अम्मीला आधी वर नेलं. कुराणशरीफ, औषधं, घराचे कागद एवढं वर आलं. जिन्याखालच्या लोखंडी पेटीची आठवण झाली तेव्हा ती पाण्याखाली होती.

पाणी ओसरल्यावर चार दिवस चिखल उपसण्यात गेले. मदतीला आलेली पोरं कुठकुठल्या गावांहून आली होती, कुणी कुणाची जात-जमात विचारली नाही. पेटी उघडली ती पाचव्या दिवशी. आत अल्बम नव्हताच, विटेसारखा एक गोळा होता. फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेलं की एकाचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर यायचा. नंतर मला कळलं की भिजलेले फोटो वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून ओले असतानाच एकेक अलगद सोडवायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरायचे, म्हणजे बरेचसे वाचतात. पण पहिल्या एक-दोन दिवसांत करायचं ते काम होतं. तेव्हा आम्ही पिण्याच्या पाण्याच्या मागे होतो. निगेटिव्हही गेल्या. दादीचा हजचा फोटोही गेला. ती 1996 मध्येच अल्लाहला प्यारी झाली होती.

अम्मी रडली नाही. एवढंच म्हणाली, "तिनं सांगितलंच होतं, मोठा करू नका. आता लहानसुद्धा राहिला नाही."

महिन्याभरानं घर जरा जागेवर आलं, तेव्हा मी सगळ्या नातेवाइकांना एक संदेश पाठवला. आमच्या घरचे जुने फोटो कुणाकडे असतील, तर मोबाइलवर त्यांचा फोटो काढून पाठवा. पुढच्या दोन महिन्यांत एक्केचाळीस फोटो आले. मुंब्र्याच्या फुफीनं बारा पाठवले. खालानं भावाच्या खतन्याचे पाठवले. लग्नाच्या वेळी आम्ही ज्यांना एखादी जादा प्रत काढून दिली होती, त्यांच्याकडून ती परत आली. आम्ही जपून ठेवलेलं एकही वाचलं नव्हतं. दुसऱ्यांना दिलेलं तेवढं उरलं होतं.

आणि एक फोन आला. अब्बांच्या कुवेतच्या खोलीतले दापोलीकडचे चाचा. त्यांच्या नातवानं कुठूनतरी आमचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचवला होता. अब्बांच्या नंतर दहा-बारा दिवसांनी ते कुवेतहून निघाले होते. निघताना भिंतीवरचे फोटो घाईघाईनं सोलले. काही फाटले. नऊ नीट निघाले, ते पासपोर्टच्या पाकिटात घातले. पुढे ते सौदीला गेले, अब्बा इथेच राहिले, भेटी कमी झाल्या. "तुमच्याकडे घरी दुसरा संच आहे म्हणून मी पाठवले नाहीत हो," चाचा फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते, जणू त्यांचीच चूक झाली होती. मी म्हटलं, मोबाइलवर पाठवा. तर अब्बा म्हणाले, "मोबाइलवर नको. आपण जाऊ."

डिसेंबरमध्ये आम्ही गाडी काढली. मी, अब्बा, माझा मुलगा गाडी चालवायला. चिपळूणहून गुहागरच्या बाजूनं धोपावे, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून दाभोळ. त्याच वाशिष्ठीचं पाणी तिथे समुद्राला मिळतं. आमच्या घरातली पेटी ज्या पाण्यानं नेली, ते पाणी त्या दिवशी उन्हात इतकं शांत होतं की अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत.

धोपाव्याच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना एक बाई सुकी मासळी निवडत बसली होती. उजेड सुरेख होता. मी मोबाइल काढला आणि दोन-तीन फोटो घेतले. तिनं चटकन पदर तोंडावर ओढला. "बाय, इचारून काढायचा ना फोटू!"

मला एकदम आमचं दार आठवलं आणि आतून आलेला दादीचा आवाज. तेरा वर्षांच्या पोरीला माफ असेल. पण मी शेचाळीस वर्षांची, शाळेत मुलांना शिकवणारी बाई, बुरखा घालणारी, माझा फोटो कुणी न विचारता काढला तर मला काय वाटलं असतं? अब्बा गाडीतून बघत होते. ते फक्त म्हणाले, "पुसून टाक. तिच्यासमोर पूस."

मी तिच्याजवळ गेले, माफी मागितली, तिला दाखवून तिन्ही फोटो पुसले. ती हसली. म्हणाली, "तोंडाचा नको, मासळीचा काढ हवा तर." मग तिचे हात आणि टोपली असा फोटो घेतला. तिला तो आवडला. तिच्या मुलीच्या नंबरवर तिथल्या तिथे पाठवला. बोट लागेपर्यंत आमच्या हातात पावशेर सोडे आले होते आणि पैसे घ्यायला ती तयार नव्हती. शेवटी मुलानं टोपलीत नोट ठेवली.

बोटीवर मी विचार करत होते. शाळेत मी आठवीला प्रकाश शिकवते. बुटाच्या खोक्याला भोक पाडून, मागे ट्रेसिंग पेपर लावून मुलांना सूचिछिद्र कॅमेरा करायला लावते. तेव्हा इब्न अल-हैथम यांचं नाव आवर्जून सांगते. हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस, जन्म बसऱ्याचा, काम केलं कैरोत. 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात त्यांनी सिद्ध करून दाखवलं की डोळ्यातून काही किरण निघून वस्तूपर्यंत जात नाहीत, वस्तूवरचा उजेड आपल्या डोळ्यापर्यंत येतो. भोकासमोर ओळीनं दिवे ठेवून त्यांनी अंधाऱ्या जागेत भिंतीवर पडणारे उजेडाचे ठिपके बघितले. एक दिवा झाकला की त्याचाच तेवढा ठिपका नाहीसा व्हायचा. मुलांना आणखी एक गंमत सांगते. कॅमेरा म्हणजे मुळात खोली, लॅटिनमधला शब्द. आपला 'कमरा' पोर्तुगिजांकडून आला, तोही त्याच कुळातला.

इतकी वर्षं हा धडा शिकवून माझ्या लक्षात न आलेली गोष्ट त्या बाईनं दाखवली. आपण म्हणतो, 'मी फोटो घेतला.' पण येतं ते समोरच्याकडून. दुसऱ्याकडून आलेली वस्तू आपल्याजवळ राहते, तेव्हा आपल्याकडे तिला अमानत म्हणतात. अमानतीत दोन गोष्टी येतात. रजामंदीनं घ्यायची आणि ज्याची त्याला परत पोचवायची.

दाभोळला उतरल्यावर खाडीकाठची जुनी शाही मशीद बघायला थांबलो. काळ्या दगडाची, मध्ये मोठा घुमट, आदिलशाहीच्या काळातली. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. सांगतात की विजापूरची एक शहजादी हजला जाण्यासाठी दाभोळ बंदरात आली, पण समुद्रावर चाच्यांचा धोका होता म्हणून जाऊ शकली नाही. तेव्हा प्रवासासाठी आणलेली दौलत तिनं या मशिदीवर खर्च केली. अब्बांनी तिथे दोन रकात नमाज पढली. मी आवारातून दगडांचे, कमानींचे, पायऱ्यांचे फोटो काढले. आत सजद्यात असलेल्या कुणाकडेही मोबाइल वळवला नाही. एरवी वळवला असता, हे कबूल करायला हवं.

चाचांच्या घरी पोचलो तेव्हा असरची वेळ होत आली होती. दोघे म्हातारे गळ्यात पडले आणि कितीतरी वेळ सुटेनात. जेवणं झाली, चहा झाला, तरी दोघं कुवेतच्या बाजारातले भावच बोलत होते. मग चाचांनी कपाटातून पाकीट काढलं. फोटोंच्या पाठीला भिंतीचा रंग चिकटला होता. कोपरे गेले होते. अब्बांनी चष्मा पुसला आणि ते चटईवर ओळीनं मांडायला लागले. स्टँडची पाटी. रिक्षा. मध्ये जागा सोडली. "इथे कापडाचं दुकान होतं." पुढे बेकरी. पुन्हा जागा सोडली. बेकरीवाले काका आता नाहीत. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पिंपळ होता. मशिदीचं जुनं फाटक होतं, जे आता बदललं. आणि शेवटचा, नववा, आमच्या दाराचा.

अर्धं दार ओढलेलं. दाराच्या कडेवर चार बोटं आणि काचेच्या दोन हिरव्या बांगड्या.

मी तो फोटो तेहतीस वर्षांपूर्वी स्वतः काढला होता, घरच्या संचातही तो होता. पण मला बोटं कधी दिसली नव्हती. दार दिसलं होतं. मुलानं विचारलं, "कुणाचा हात आहे?" अब्बा म्हणाले, "माझ्या अम्मीचा." मग जरा थांबून म्हणाले, "मला माहीत होतं. मी रोज रात्री इथपर्यंत येत होतो ना."

परतताना गाडीत मी विचारलं, हा फोटो ठेवायचा का? दादीला फोटो नको होता. अब्बांनी बराच वेळ घेतला. म्हणाले, "चेहरा तिनं दिला नाही, तो आपल्याकडे नाही. तिची बात राहिली. हा पाकिटातच राहू दे, भिंतीवर नको." फोटो आज त्यांच्या उशाशी पाकिटात आहे. त्याची मोबाइलवरची प्रत फक्त फुफीला पाठवली आहे, कारण ती दादीची लेक आहे. बाकी कुणाला नाही.

त्या प्रवासानंतर माझी फोटो काढायची रीत बदलली. फजरनंतर मी गोवळकोट धक्क्याच्या बाजूला चालायला जाते. कधी वाशिष्ठीत मगर तोंड वर काढते, लोक तिचे फोटो घ्यायला गर्दी करतात. मीही एखादा घेते. पण रोज काढते ते साधेच असतात. दुकानांच्या पाट्या, घरांचे ओटे, भिंतींवर राहिलेली पुराची रेघ, नवी शेड, तोडलेलं झाड. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात डोळ्यांदेखत झाडं गेली, वळणं बदलली. ज्या वडाखाली आम्ही लहानपणी गाडी थांबवून डबा खायचो, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. धबधब्यांचे मात्र पन्नास आहेत.

साधे फोटो कधी कामाला येतील, सांगता येत नाही. पुरानंतर पंचनामे चालू होते, तेव्हा गल्लीतल्या एका शिंप्यानं मला विचारलं, "बाजी, तुमच्या मोबाइलमध्ये माझ्या दुकानाचा फोटो असेल का?" होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात पिंपळाचा काढला होता, मागे त्याचं दुकान आणि दोन शिलाई मशिनी स्पष्ट दिसत होत्या. तलाठ्यांना दाखवायला तो उपयोगी पडला. मी पिंपळाचा काढला होता, उपयोग मशिनींचा झाला.

वाचक बहिणींनो, भावांनो, मी काही छायाचित्रकार नाही. मोबाइलही साधाच आहे. अनुभवानं जमलेल्या दोन-चार गोष्टी सांगते. आपल्या दमट हवेत एसी गाडीतून उतरलं की काचेवर धुकं धरतं, ते निवळेपर्यंत थांबा. ओढणीच्या टोकानं काच पुसून घ्या. उजेड चांगला मिळतो तो फजरनंतर आणि असरनंतर, भर दुपारी चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडतात. माणूस असेल तर आधी विचारा, नाही म्हटलं तर मोबाइल खिशात घाला. ज्याचा काढला त्याला पाठवा. वर्षातून एकदा निवडक फोटो कागदावर छापून घ्या, मागे पेन्सिलीनं तारीख आणि जागा लिहा, आणि एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. नदीकाठच्या माणसांनी तर नक्कीच.

अब्बा आता ऐंशी ओलांडून पुढे गेले आहेत. गुडघ्यांनी साथ सोडली, त्यामुळे मशिदीपर्यंतसुद्धा रोज जाणं होत नाही. घरीच खुर्चीवर बसून नमाज पढतात. सकाळी मी चालून आले की चहाबरोबर मोबाइल त्यांच्या हातात देते. ते एकेक फोटो सरकवत जातात, घाई केलेली त्यांना चालत नाही. एखादा मधला राहिला तर लगेच कळतं. "हापशीवरून एकदम मशिदीपाशी कशी आलीस? मधली गल्ली कुठे गेली?"

आज बावीस फोटो होते. चौदाव्यावर ते थांबले.

"हा पिंपळ अजून आहे?"

"आहे, अब्बा. पुरातही राहिला."

"मग उद्या जरा लांबून काढ. अख्खा येऊ दे."